एकदाच पेटणाऱ्या टेकड्या

ज्वालामुखी म्हटले की फुजी किंवा व्हेसुव्हियससारखा एकच उंच पर्वत, त्याच्या माथ्यावरचे एक मुख आणि त्याच मुखातून हजारो वर्षे पुन्हा पुन्हा होणारे उद्रेक असे चित्र मनात येते; परंतु भूखंडांवर संख्येने सर्वांत जास्त आढळणारे ज्वालामुखी या चित्रात मुळीच बसत नाहीत. ते लहान असतात, बहुधा शंभर-दोनशे मीटर उंचीच्या टेकड्यांएवढे. ते एकटे नसतात, तर दहा-वीसपासून हजारापर्यंतच्या संख्येने विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेले असतात. आणि मुख्य म्हणजे त्यांतील प्रत्येक टेकडी आयुष्यात एकदाच पेटते. काही दिवस, काही महिने किंवा फार तर काही वर्षे चालणारा उद्रेक संपला की ते मुख कायमचे बुजते आणि त्या प्रदेशातला पुढचा उद्रेक, शेकडो किंवा हजारो वर्षांनी, दुसऱ्याच एखाद्या ठिकाणी होतो. अशा समूहाला भूशास्त्रात ‘ज्वालामुखी क्षेत्र’ म्हणतात आणि त्यातील एकेका ज्वालामुखीला, एकाच उद्रेकातून जन्मलेला या अर्थाने, ‘एकोद्रेकी’ म्हणता येते. फुजी किंवा एटना हे याच्या उलट, ‘बहूद्रेकी’ ज्वालामुखी होत.

या भेदाकडे केवळ आकाराचा किंवा आयुष्याचा फरक म्हणून पाहिले तर मूळ गोष्ट निसटते. एकोद्रेकी टेकडीला ‘मृत ज्वालामुखी’ म्हणणे शब्दशः खरे असते, कारण ती पुन्हा पेटत नाही. पण ज्या खोल उगमातून ती जन्मली तो उगम मेलेला नसतो. खरा ज्वालामुखी जमिनीखाली असतो आणि वर दिसणाऱ्या टेकड्या म्हणजे त्याने वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या जागी टाकलेली पावले असतात. म्हणून टेकडी मोजून धोका ठरत नाही, आणि एखादे क्षेत्र जिवंत आहे की नाही हा प्रश्न संपूर्ण क्षेत्राविषयीच विचारावा लागतो.

मध्य मेक्सिकोतील मिचोआकान-ग्वानाह्वातो क्षेत्र हे जगातील अशा सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक आहे. त्याचा विस्तार सुमारे ४०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे चार जिल्हे एकत्र केल्यास जेवढा भूभाग होईल साधारण तेवढा आहे, आणि त्यात हजाराहून अधिक ज्वालामुखी मोजले गेले आहेत. एवढ्या संख्येपैकी लेखी इतिहासाच्या काळात जन्मलेले मात्र दोनच: १७५९ ते १७७४ या काळात धगधगलेला होरुयो आणि १९४३ ते १९५२ या काळातील पारिकुतिन. दुसऱ्याचा जन्म माणसांच्या डोळ्यांदेखत झाला, इतकेच नव्हे तर जवळजवळ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो शास्त्रज्ञांच्या निरीक्षणाखाली राहिला. त्यामुळे एकोद्रेकी ज्वालामुखीविषयी जे काही प्रत्यक्ष पाहून सांगता येते त्यातला मोठा भाग या एका टेकडीने दिलेला आहे.

२० फेब्रुवारी १९४३ रोजी दुपारी दिओनिसिओ पुलिदो हा पुरेपेचा समाजातील शेतकरी मक्याच्या पेरणीसाठी शेत तयार करीत होता. त्याआधीचे काही आठवडे परिसरात भूकंपाचे धक्के जाणवत होते आणि त्यांची संख्या वाढत चालली होती. दुपारी चारच्या सुमारास शेतात एक भेग उघडली, जमीन फुगून वर आली, भेगेतून गंधकाचा वास असलेला धूर व बारीक राख सुटू लागली आणि आवाजाबरोबर तापलेले दगड उडू लागले. चोवीस तासांत तेथे सुमारे ५० मीटर उंचीचा ढीग उभा राहिला, आठवड्याभरात त्याने शंभर मीटर ओलांडले, वर्ष पुरे होताना तो ३३६ मीटरांवर पोहोचला आणि १९५२ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा त्याची उंची मूळ शेतापासून ४२४ मीटर होती. म्हणजे नऊ वर्षांच्या आयुष्यात त्याने आपल्या उंचीचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्याच वर्षी गाठला. बहुतेक एकोद्रेकी ज्वालामुखींचा जोर असाच सुरुवातीला एकवटलेला असतो.

ही टेकडी कशाची बनली हे जवळून पाहण्यासारखे आहे. वर येणाऱ्या शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, पाण्याची वाफ व इतर वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी झाला की ते बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात आणि शिलारसाचा फेस होऊन त्याचे तुकडे हवेत फेकले जातात. ते उडता उडताच थिजतात आणि खाली पडतात ते छिद्राछिद्रांचे, काळे किंवा तांबूस, हाताला खरखरीत लागणारे खडे होऊन. वीटभट्टीत प्रमाणाबाहेर भाजलेल्या विटांचा जो खंगर निघतो त्याच्याशी त्यांचे इतके साम्य असते की त्यांना खंगर आणि त्यांच्या टेकडीला खंगरशंकू म्हणणे सर्वार्थाने योग्य ठरते. मुखाजवळ पडलेला खंगर गरम राहतो, त्यातील लोहाचा वाफेशी व हवेशी संयोग होतो आणि तो तांबडा होतो. लांब पडलेला लवकर निवतो आणि काळा राहतो. खळ्यावर ओतलेल्या धान्याची रास जशी एका ठरावीक उतारापलीकडे उभी राहत नाही, दाणे घरंगळत जातात, तसेच या खड्यांचे होते आणि म्हणून जगातील कोणत्याही ताज्या खंगरशंकूचा उतार सुमारे तीस ते तेहतीस अंशांचाच भरतो.

लाव्हा मात्र या शंकूच्या माथ्यावरून क्वचितच वाहतो. सैल खड्यांची ही रास लाव्ह्याचा उभा स्तंभ पेलू शकत नाही. वायू निघून गेलेला जड शिलारस तिच्या तळाशी वाट शोधतो आणि पायथ्यातून फुटून बाहेर पडतो. पारिकुतिनचा लाव्हाही असाच पायथ्याकडच्या मुखांतून वाहिला आणि अखेरीस त्याने सुमारे २५ चौरस किलोमीटर जमीन व्यापली. ज्या गावाचे नाव या ज्वालामुखीला मिळाले ते पारिकुतिन आणि त्याहून मोठे सान हुआन पारांगारिकुतिरो ही दोन्ही गावे गेली. दुसऱ्या गावातील चर्चचा मनोरा आणि वेदी आजही काळ्या, ओबडधोबड लाव्ह्याच्या पसाऱ्यातून वर आलेली दिसतात. लाव्हा माणसाच्या चालीपेक्षा कितीतरी सावकाश सरकत असल्याने लोकांना निघून जाता आले आणि लाव्ह्याखाली एकही जीव गेला नाही. जे तीन मृत्यू नोंदले गेले ते राखेच्या ढगांत चमकणाऱ्या विजांमुळे झालेले होते. पण राखेने शेती बुडाली आणि जी माणसे गाव सोडून गेली ती परतली नाहीत. उद्रेकाचे मोजमाप करताना ही हानी हिशेबात धरली जात नाही, ती धरली जायला हवी.

अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम फोशाग आणि मेक्सिकन भूशास्त्रज्ञ हेनारो गोन्सालेस रेयना यांनी या ज्वालामुखीच्या जन्माची व वाढीची जी नोंद केली ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच काळात नऊ वर्षांच्या लाव्ह्यांचे क्रमवार नमुने तपासले गेले, तेव्हा असे आढळले की सुरुवातीच्या लाव्ह्यात सिलिकेचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते आणि शेवटच्या लाव्ह्यात ते ६० टक्क्यांपर्यंत चढले. वाटेत काही जड खनिजांचे स्फटिक बाजूला पडले आणि शिलारसाने भूकवचातील ग्रॅनाइटसारखे खडक थोडेथोडे वितळवून आपल्यात सामावून घेतले, हे त्याचे स्पष्टीकरण. लाव्ह्यात अर्धवट वितळलेले असे फिकट रंगाचे तुकडे मिळालेही आहेत. एका लहानशा टेकडीच्या आयुष्यातही इतका बदल होतो, हे त्यापूर्वी इतक्या नेमकेपणाने कोठे नोंदले गेले नव्हते.

आता मुख्य प्रश्न असा की शिलारस एकच मुख का वापरत नाही. त्यासाठी तो तयार कसा होतो येथून सुरुवात करावी लागते. भूकवचाखालचे प्रावरण वितळलेले असते हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. प्रावरण घन खडकाचे आहे. तेथील तापमान खडक वितळण्यास पुरेसे असले तरी वरच्या प्रचंड दाबामुळे तो वितळू शकत नाही. प्रावरणाचा एखादा भाग हळूहळू वर सरकून त्यावरील दाब घटला, किंवा त्यात पाणी मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली आला, तरच त्याचा थोडा अंश द्रवरूप होतो. मेक्सिकोत पॅसिफिक महासागराचा तळ भूखंडाखाली शिरतो आणि आपल्याबरोबर पाणी खाली नेतो, म्हणून तेथे दुसरे कारण प्रबळ ठरते; न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराखाली असे काही घडत नाही, तेथे सुमारे ८० किलोमीटर खोलीवर प्रावरणाचा अगदी थोडा भाग वितळतो. खनिजांच्या कणांमधल्या फटींतून हा द्रव झिरपत एकत्र येतो, भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर रेटला जातो आणि पुरेसा साठला की खडकाला उभी भेग पाडून तिच्यातून वर चढू लागतो. ही भेग म्हणजे नळी नव्हे. ती काही किलोमीटर लांब व उंच, पण रुंदीला सुमारे एक मीटरच असलेला उभा पडदा असतो, आणि तिच्यातील शिलारस थिजल्यावर जी दगडी भिंत तयार होते तिला भूशास्त्रात डाइक किंवा भित्ती म्हणतात.

या पातळपणातच उत्तराची किल्ली आहे. खडकातून उष्णता फार सावकाश वाहते, तरीही एक मीटर रुंदीच्या भेगेतील शिलारस, त्याचा प्रवाह थांबला तर, काही दिवसांतच थिजतो. भेग उघडी राहायची असेल तर खालून नवा, तप्त शिलारस सतत येत राहिला पाहिजे. हवाई बेटांवरील किलाउएआ ज्वालामुखीला दरवर्षी साधारण ०.१ घन किलोमीटर शिलारस मिळतो. त्यामुळे त्याच्या वाटा निवत नाहीत, भूकवचात शिलारसाचे कोठार टिकते आणि प्रत्येक नवा उद्रेक जुन्याच मार्गाने होतो. याच्या तुलनेत ऑकलंड क्षेत्राने सुमारे १,९०,००० वर्षांत मिळून बाहेर टाकलेला एकूण शिलारस १.७ घन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किलाउएआच्या वीस वर्षांच्याही पुरवठ्यापेक्षा कमी भरतो. दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असले की आधीची वाट केवळ निवत नाही, ती भोवतालच्या खडकाइतकीच घट्ट होते, आणि पुढच्या शिलारसाला तिच्यात कोणतीही सवलत उरत नाही. बारमाही नदीला एक पात्र असते, पण माळरानावर कधीमधी पडणाऱ्या पावसाचे पाणी दरवेळी नव्या ओहळाने जाते, कारण मधल्या काळात आधीचा ओहळ मातीने भरून गेलेला असतो. दिशा उलटी धरली, म्हणजे पाणी खाली जाण्याऐवजी शिलारस वर येतो असे मानले, तर ज्वालामुखी क्षेत्राचे वागणे यापेक्षा वेगळे नाही.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा ताकादा यांनी १९९४ मध्ये या विचाराला आणखी एक बाजू जोडली. शिलारसाचा पुरवठा किती, याबरोबरच भूकवच किती ताणले जात आहे हेही महत्त्वाचे असते. ताण कमी असेल तर शेजारी-शेजारी चढणाऱ्या भेगा एकमेकींकडे वळून एकत्र येतात आणि एक मोठा ज्वालामुखी घडतो. ताण जास्त असेल तर प्रत्येक भेग आपल्या जागी सरळ वर जाते आणि टेकड्या विखुरतात. एकाच प्रदेशात दोन्ही प्रकार नांदू शकतात, हे अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील सॅन फ्रॅन्सिस्को क्षेत्रात स्पष्ट दिसते. तेथे गेल्या ६० लाख वर्षांत सुमारे ६०० ज्वालामुखी निर्माण झाले, त्यांत बहुसंख्य खंगरशंकू आहेत आणि त्यांच्यामध्ये ३,८५१ मीटर उंचीचा एक मोठा बहूद्रेकी पर्वत उभा आहे. त्यांतील सर्वांत तरुण सनसेट क्रेटर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेटला आणि तेथील मूळ रहिवाशांच्या शेतांवर व घरांवर त्याची राख पडली.

शिलारस वाटेत फार काळ थांबत नाही याचा पुरावा हातात धरता येतो. अनेक क्षेत्रांतील काळ्या लाव्ह्यात मुठीएवढे, कधी त्याहून मोठे, हिरवे गोटे अडकलेले मिळतात. फोडून पाहिले तर ते ऑलिव्हीन या खनिजाच्या साखरेसारख्या दाणेदार, पोपटी स्फटिकांनी भरलेले असतात, त्यांत मधूनच पाचूसारख्या गडद हिरव्या रंगाचा एखादा कण चमकतो, आणि भोवतालचा काळा लाव्हा त्यांना इतका नेटका चिकटलेला असतो की सांधा नखाने चाचपता येतो. हे गोटे प्रावरणाचे तुकडे आहेत. अॅरिझोनातील सान कार्लोस येथे मिळणारे असेच गोटे फोडून त्यांतील मोठे स्फटिक पेरिडॉट नावाचे रत्न म्हणून विकले जातात. हा खडक शिलारसापेक्षा जड असल्याने, शिलारस सावकाश चढत असता तर गोटे त्यात तळाशी बुडून गेले असते. ते वर पोहोचले याचा अर्थ तीस-चाळीस किंवा अधिक किलोमीटरचा प्रवास काही दिवसांत, कदाचित काही तासांतच झाला. माणसांना मिळणारी पूर्वसूचना किती थोडी असू शकते हे त्या हिरव्या दगडांइतके दुसरे काही सांगत नाही.

मुखे विखुरलेली असली तरी ती वाटेल तशी पडत नाहीत. भूकवच ज्या दिशेने सर्वांत कमी दाबले जाते त्या दिशेने भेग रुंदावते, म्हणजे ती स्वतः त्या दिशेशी काटकोनात लांबते. म्हणून एकाच भेगेवर उघडलेली मुखे ओळीने लागतात आणि टेकड्यांच्या रांगांवरून प्राचीन काळच्या ताणाची दिशा वाचता येते. काझुआकी नाकामुरा यांनी १९७७ मध्ये हे तत्त्व व्यवस्थित मांडले. त्याचा महाराष्ट्राशी खरा संबंध येतो तो येथे. दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून बनले, पण ते एकोद्रेकी टेकड्यांचे क्षेत्र नव्हे. तेथे बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे परिमाण लाखो घन किलोमीटरचे होते आणि तो लांबच लांब भेगांतून थरांवर थर पसरत गेला, म्हणून सह्याद्रीत शंकूऐवजी पायऱ्या दिसतात. मात्र धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत झिजेमुळे वरचे थर निघून जाऊन शिलारसाच्या त्या वाटाच उघड्या पडल्या आहेत. सपाट शेतांमधून, जुन्या तटाच्या भग्न भिंतीसारख्या, काळ्या दगडांच्या उंच रांगा मैलोनमैल सरळ जातात. त्या बहुतांशी पूर्व-पश्चिम आहेत, काहींची लांबी पन्नास किलोमीटरहून जास्त आहे आणि त्या काळी भूकवच साधारण उत्तर-दक्षिण ताणले जात होते असे त्यांवरून दिसते. त्या ऑकलंडच्या भेगांपेक्षा कितीतरी रुंद व लांब आहेत, तरी घडण तीच. न्यूझीलंडमध्ये जे जमिनीखाली दडलेले आहे त्याचे रूप खानदेशात उन्हात उघडे पडले आहे.

टेकडीच होईल की खड्डा, हे ठरवते पाणी. सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा शिलारस कोरड्या खडकातून वर आला तर खंगरशंकू बनतो. पण वाटेत भूजल, दलदल किंवा उथळ समुद्र लागला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन भीषण स्फोट होतात, जमीन फोडून खोल खड्डा पडतो आणि त्याभोवती चुरा झालेल्या खडकाची बुटकी कड उरते. पुढे त्यात पाणी साचून गोल तळे होते. जर्मनीच्या आयफेल भागात अशा तळ्यांना स्थानिक बोलीत ‘मार’ म्हणत, तोच शब्द एकोणिसाव्या शतकात शास्त्राने उचलला. अशा स्फोटांची विखारी बाब म्हणजे वाफ, राख व दगड यांचे मिश्रण जमिनीलगत आडवे, वादळाच्या वेगाने पसरते. त्यापुढे धावून निभाव लागत नाही, आणि लाव्ह्याच्या बाबतीत जो वेळ मिळतो तो येथे मिळत नाही.

गोल खड्डा दिसला म्हणून तो ज्वालामुखीचाच असेल असे मात्र नाही, आणि ही चूक चांगल्या अभ्यासकांकडूनही झालेली आहे. अॅरिझोनातील सव्वा किलोमीटर रुंदीच्या प्रसिद्ध विवराची पाहणी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत भूशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये केली आणि ते वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष काढला. सॅन फ्रॅन्सिस्को क्षेत्र जवळच असल्याने तो निष्कर्ष स्वाभाविक वाटला. उल्कापाताचा निर्विवाद पुरावा, म्हणजे केवळ प्रचंड आघातानेच तयार होणारे कोएसाइट हे खनिज, तेथे १९६० मध्ये सापडला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही ज्वालामुखीच्या काळ्या खडकात असल्यामुळे दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले गेले आणि त्याचे आघातजन्य स्वरूप १९७३ मध्ये निश्चित झाले. दोन्ही ठिकाणी भोवतालच्या भूरचनेने पाहणाऱ्याला आधीच एक उत्तर सुचवून ठेवलेले होते.

ऑकलंडमध्ये हा सगळा विषय शहराच्या मधोमध येऊन उभा राहतो. सुमारे ३६० चौरस किलोमीटरमध्ये ५३ ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्यावर व त्यांच्यामध्ये १५ लाखांहून अधिक माणसे राहतात. शहरातील माउंगाव्हाउ ही टेकडी म्हणजे खंगरशंकू. तिच्या माथ्यावरचा ५० मीटर खोल, गवताने भरलेला वाडगा माओरी लोक माताआहो या देवतेचा मानतात. पुपुके हे सरोवर म्हणजे मार. सर्वांत तरुण रांगितोतो हे बेट अवघ्या सहा शतकांपूर्वी समुद्रातून वर आले, आणि त्याच्या जन्माची साक्ष शेजारच्या मोतुतापु बेटावर जपली गेली आहे: राखेच्या दोन थरांमध्ये माणसांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडले. राख पडून गेल्यावर, आणि पुढची राख पडण्याआधी, त्या ओल्या राखेवरून कोणीतरी चालत गेले होते. उद्रेक अजून संपलेला नव्हता.

रांगितोतोचा आकार क्षेत्रातील इतर कोणत्याही ज्वालामुखीपेक्षा मोठा आहे, आणि मुखांच्या वयांत व जागांत असा कोणताही सोपा क्रम नाही की ज्यावरून चौपन्नाव्याची जागा सांगता यावी. पर्वताच्या बाबतीत धोक्याचा नकाशा काढता येतो, कारण मुख ठाऊक असते. येथे मुखच ठाऊक नसते. म्हणून २००८ पासून सुरू असलेल्या डेव्होरा या संशोधन प्रकल्पात सरोवरांच्या तळातील राखेचे थर मोजून प्रत्येक उद्रेकाचे वय ठरवण्यावर भर दिला गेला, आणि शहराच्या कोलाहलात बुडून जाणारे सूक्ष्म भूकंप टिपण्यासाठी काही भूकंपमापक खोल विहिरींत बसवले आहेत. शिलारस जेथून वर चढू लागेल त्या जागेवर सर्व काही अवलंबून असल्याने, लोकांना नेमके कोठून हलवायचे हे शेवटच्या दिवसांपर्यंत सांगता येणार नाही हे तेथील नियोजनकर्त्यांनी गृहीत धरले आहे.

अशा अनिश्चिततेची संख्या मांडण्याची सर्वांत कठोर कसोटी लागली ती नेवाडातील यका पर्वताच्या बाबतीत. अमेरिकेचा अत्यंत किरणोत्सारी आण्विक कचरा पुरण्यासाठी १९८७ मध्ये केवळ याच जागेचा अभ्यास करण्याचे ठरले, आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरवर लॅथ्रप वेल्स हा अवघ्या ७७,००० वर्षे वयाचा खंगरशंकू आहे. कचरा हजारो वर्षे धोकादायक राहणार असल्याने, नवी भेग नेमकी कचरा ठेवायच्या भुयारांतून वर येण्याची शक्यता किती, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. जुन्या मुखांची दाटी, त्यांची वये आणि ताणाची दिशा यांवरून तज्ज्ञांच्या मंडळाने १९९६ मध्ये काढलेले उत्तर वर्षाला दहा कोटींत एक ते दोन इतके होते. संख्या लहान आहे, पण तिच्यामागे मूठभर टेकड्यांचाच आधार आहे, आणि एखादे दडलेले मुख नव्याने सापडले तरी ती बदलू शकते.

शिवाय जे मुखापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांची गणती टेकड्यांत होत नाही. सौदी अरेबियाच्या पश्चिम भागात लाव्ह्याने व्यापलेल्या काळ्या, दगडी प्रदेशांना अरबीत ‘हर्रा’ म्हणतात; त्यांपैकी मदिनेजवळच्या एका प्रदेशात १२५६ मध्ये उद्रेक होऊन लाव्हा शहराच्या दिशेने वाहत आला होता. त्याच्या वायव्येकडील हर्रत लुनय्यिर या क्षेत्रात २००९ च्या वसंतात भूकंपांची मालिका सुरू झाली आणि काही महिन्यांत तीस हजारांहून अधिक धक्के नोंदले गेले. १९ मे रोजीचा सर्वांत मोठा धक्का ५.४ तीव्रतेचा होता, वाळवंटात सुमारे आठ किलोमीटर लांबीची भेग पडली आणि परिसरातील जवळजवळ चाळीस हजार लोकांना हलवण्यात आले. उपग्रहांवरून केलेल्या मोजमापांत जमीन भेगेच्या दोन्ही बाजूंना दूर सरकल्याचे दिसले. खाली शिलारसाचा पडदा चढत आला होता आणि त्याचा वरचा काठ पृष्ठभागापासून सुमारे दोन किलोमीटरवर येऊन थांबला. पुढे धक्के विरळ होत गेले आणि लोक घरी परतले. तेथे कोणतीही टेकडी उभी राहिली नाही. वाळूत भेगेची खूण आहे आणि तिच्याखाली एक नवी काळी भिंत आहे.